गेमिंग लॅपटॉप: कधी चालूच होत नाही, चालू झाला तर स्क्रीन जाते. मदरबोर्डच गेला असेल का?

सायंतारा

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १५.६ इंची गेमिंग लॅपटॉप आहे. वॉरंटी संपलेली. १४४ हर्ट्झची फुल एचडी स्क्रीन, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि शिवाय वेगळं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, विंडोज ११. गेम आणि थोडंफार ब्लेंडर, एवढाच वापर.

बटण दाबलं की कीबोर्डचे दिवे लागतात, पंखे जोरात फिरतात, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, आपला आपणच पुन्हा चालू होतो आणि परत तेच. बटण दाबून धरून बंद केला, पुन्हा लावला, की कधीतरी लोगो येतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात सगळं सुरू. सकाळी पहिल्यांदा लावताना हा त्रास जास्त. रीस्टार्ट मारला तर बहुतेक वेळा नीट येतो.

हे झालं सुरू होण्याचं. चालू असताना वेगळीच तऱ्हा. मधेच स्क्रीन थरथरते, हिरव्या-जांभळ्या उभ्या रेषा येतात, कधी सगळंच काळं. गेमचा आवाज चालू असतो, टीममधले हेडफोनमधून ओरडत असतात, मला काहीच दिसत नसतं.

दुरुस्तीवाल्याने उघडूनसुद्धा न बघता "मदरबोर्ड गेलाय" सांगितलं. खर्च ऐकून नवाच घ्यावा असं वाटायला लागलंय. फॉरमॅट मारून झालं, फरक शून्य. स्क्रू उघडायची तयारी आहे. काय काय तपासू?

ठोकळेबाज

रेषा आल्या म्हणजे ग्राफिक्स चिप गेली. त्यात चालू पण होत नाही. रिबॉलिंग (चिप उखडून नव्या डागाने पुन्हा बसवणं) करून घ्या, चार-सहा महिने चालेल, तेवढ्यात विकून टाका. उगाच जीव जाळू नका.

खटपट्या

ठोकळेबाज, एकदम तेराव्यालाच बोलावलंत की. अजून पेशंटची नाडी कुणी बघितलेली नाही.

सायंतारा, तुमच्या वर्णनातच एक गोष्ट आहे जी मला पहिल्यांदा सोडवून घ्यायची आहे. स्क्रीन काळी असते तेव्हा आत मशीन जिवंत असतं का? गेम चालू असताना असतं, कारण आवाज येतोय. सुरू होताना असतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. काळी स्क्रीन दोन्हीकडे सारखीच दिसते, पण एकीकडे नाटक चालू आहे आणि पडदा पडलाय, दुसरीकडे नटच आलेले नाहीत. दोन्हींचं औषध एक असेलच असं नाही.

म्हणून सुरू होताना स्क्रीन काळी राहिली की कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन बऱ्यापैकी पुढे गेलंय, फक्त दिसत नाही. दिवा ढिम्म असेल तर मशीन सुरुवातीच्या तपासणीतच अडकलंय, म्हणजे विंडोजपर्यंत गेलेलंच नाही. तसं असेल तर फॉरमॅटने फरक पडणार तरी कसा?

त्याच वेळी खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा, अगदी जवळून. पुसट लोगो किंवा विंडोजची खिडकी दिसली तर चित्र येतंय आणि मागचा बॅकलाइट गेलाय.

आणि एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा. दोन्ही प्रकारच्या त्रासात त्यावर काय दिसतं ते वेगवेगळं लिहा.

निशाचर

धागा पळवत नाही, पण माझंही असंच आहे म्हणून इथेच विचारते. लोगो येतो, गोल ठिपके फिरतात आणि मग काळी स्क्रीन, वर फक्त माउसचा बाण. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट केल्यापासून.

खटपट्या

निशाचर, तुमचं असंच नाही, बरंच सोपं आहे. लोगो आला, ठिपके फिरले, बाण दिसतोय, म्हणजे रॅम, स्क्रीन, केबल हे सगळे कामावर हजर आहेत. आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी रीसेट होतो, एक बीप ऐकू येतो. त्याने नाही आलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर येतो का बघा. आला तर त्यातून एक्सप्लोरर सुरू करता येईल.

काहीच नाही झालं तर सेफ मोड. विंडोज सुरू होता होता बटण दाबून बंद करायचं, असं लागोपाठ दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४. सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःच्या साध्या डिस्प्ले ड्रायव्हरवर चालतं, त्यामुळे दिसायला लागेल. मग नवा ड्रायव्हर काढून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा जुना टाका.

बिनतारी

सेफ मोडच्या वाटेवर विंडोज बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या एनक्रिप्शनची, की मागू शकतं, ती ४८ अंकी. आधी आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर जाऊन ती मोबाईलवर उघडून ठेवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एनक्रिप्शन गुपचूप चालू असतं, मालकाला पत्ताच नसतो. सायंतारा, हे तुम्हालाही. कुणी तुम्हाला बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) रीसेट कर, सिक्युअर बूट बंद कर, टीपीएम क्लिअर कर असलं सांगणारच आहे. की हातात असल्याशिवाय यातल्या कशालाही हात लावू नका. ब्लेंडरच्या फायली असतील त्यांचं बॅकअप आजच घ्या, लॅपटॉप चालू होतोय तोवर.

ठोकळेबाज

मी तेच सांगणार होतो, बायोस अपडेट करून बघा.

बिनतारी

जो लॅपटॉप धड सुरू होईल याची खात्री नाही, मधेच आपला आपण बंद पडतो, त्याचा बायोस अपडेट करायला सांगताय? अर्ध्यात बंद पडला तर आत्ता कधीतरी लोगो येतोय तोही जाईल. आधी मशीन स्थिर होऊ दे.

सायंतारा

की मिळाली, बॅकअप झालं. धन्यवाद बिनतारी, एनक्रिप्शन चालू होतं आणि मला खरंच माहीत नव्हतं.

आता निकाल.

सुरू होताना काळी स्क्रीन: कॅप्स लॉक ढिम्म. टॉर्चने काही दिसत नाही. बाहेरच्या मॉनिटरवर "नो सिग्नल".

गेममध्ये काळी स्क्रीन: कॅप्स लॉक चालतो. बाहेरच्या मॉनिटरवर गेम व्यवस्थित, एक रेषसुद्धा नाही. तिकडे बघून मॅच पूर्ण खेळले, लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन तेवढ्यात कितीतरी वेळा गेली-आली.

म्हणजे ग्राफिक्स कार्ड ठीक, स्क्रीन खराब, असंच ना?

खटपट्या

पहिल्या निकालावरून एवढं नक्की की सुरू न होणं आणि स्क्रीन जाणं हे वेगवेगळे आजार म्हणून तपासायचे. योगायोगाने एकाच लॅपटॉपला, एवढंच. दुरुस्तीवाल्याने दोन्ही एकत्र बांधले आणि दोन्हींना पुरेल असं एकच नाव शोधलं, मदरबोर्ड.

दुसऱ्या निकालावर मात्र तुम्ही लावला तो अर्थ अजून लावू नका. बाहेरचा मॉनिटर नीट दिसतो म्हणजे पॅनेल खराब, हे साध्या लॅपटॉपला बरंचसं लागू पडतं. गेमिंग लॅपटॉपमध्ये वायरिंग वेगळं असतं. एनव्हिडियाने २०१० साली ऑप्टिमस आणलं तेव्हापासूनची ही पद्धत आहे: गेमचं चित्र मोठं कार्ड तयार करतं, पण लॅपटॉपच्या स्क्रीनवर ते जातं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समार्फत. एचडीएमआय मात्र बऱ्याच गेमिंग मॉडेलमध्ये थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असतं. म्हणजे तुम्ही मॉनिटर लावून पाहिलात तेव्हा वेगळ्या रस्त्याने आलेलं चित्र पाहिलंत. मोठं कार्ड बरं आहे हे त्यावरून नक्की झालं. आतल्या स्क्रीनच्या रस्त्यावर दोषी कोण हे राहिलंच: प्रोसेसरमधलं ग्राफिक्स, त्याचा ड्रायव्हर, केबल की पॅनेल.

तुमच्या लॅपटॉपला मक्स स्विच आहे का? कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये हायब्रिड आणि डिस्क्रीट असा पर्याय असतो. डिस्क्रीटवर टाकलं की आतली स्क्रीनही थेट मोठ्या कार्डाला जोडली जाते. तसं करून बघा. तरीही आतलीच स्क्रीन थरथरली तर दोन्ही रस्त्यांना सामाईक उरतात फक्त केबल आणि पॅनेल.

रेझिस्टर

सामाईक मक्सची चिपपण आहे. क्वचित जाते. पण बरोबर.

शिवाय रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा, १४४ वरून ६० करून बघा. झाकण हळूहळू पुढेमागे करून बघा.

शंकासुर

एक भाबडा प्रश्न. ६० केल्याने काय होणार? केबल तुटली असेल तर तुटलेलीच असणार ना, ६० असो की १४४.

रेझिस्टर

पूर्ण तुटली तर काहीच दिसणार नाही. अर्धवट तुटते तेव्हा गंमत. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकाचे २४ बिट. ६० हर्ट्झला सेकंदाला सुमारे २.९९ अब्ज बिट जातात. १४४ ला ७.१७ अब्ज. त्याच केसाएवढ्या तारांमधून. तारेवरची जाळी फाटली, टोक सैल झालं, की जास्तीचा वेग आधी कोसळतो. कमी वेगाला तीच केबल दिवस काढते. पॅनेल खराब असेल तर त्याला ६० काय नि १४४ काय, रेषा बहुतेक त्याच जागी, तशाच.

शंकासुर

वा. हे आवडलं.

जुनं_खोड

टास्क मॅनेजरची चाचणीपण करून टाका, फुकट आहे. स्क्रीन थरथरत असताना टास्क मॅनेजर उघडायचा. तोसुद्धा बाकी सगळ्याबरोबर थरथरला तर ड्रायव्हर किंवा हार्डवेअर. तो शांत आणि बाकीचं थरथरतंय, तर एखादं अ‍ॅप उपद्व्याप करतंय. मायक्रोसॉफ्टवालेच सांगतात हे.

इंटेलचं ग्राफिक्स असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये पॅनेल सेल्फ रिफ्रेश नावाचं वीज वाचवायचं सोंग असतं, ते बंद करा. माझ्या पुतण्याच्या लॅपटॉपची थरथर तेवढ्यानेच थांबली होती, आम्ही पॅनेल मागवायच्या बेतात होतो.

निशाचर

सेफ मोडमधून ड्रायव्हर काढला, कंपनीच्या साइटवरचा टाकला. आला! खटपट्या आणि बिनतारी, दोघांचे आभार. की विचारलीच त्याने, मोबाईलवर उघडी होती म्हणून निभावलं.

चुंबकराव

माझाही एक किस्सा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझी स्क्रीन फक्त संध्याकाळी जायची. अक्षरशः. दिवसभर ठणठणीत. शोधता शोधता लक्षात आलं की संध्याकाळी मी मोबाईल लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवतो, आणि त्याच्या कव्हरला चुंबक आहे. झाकण मिटलं की नाही हे लॅपटॉपला हॉल सेन्सरवरून कळतं, झाकणातला लोहचुंबक जवळ आला की त्याला वाटतं मिटलं. माझ्या मोबाईलने त्याला रोज फसवलं. एकावर एक लॅपटॉप ठेवला तरी हेच होतं.

सायंतारा

चुंबकराव, हसून घेतलं आणि आधी टेबल रिकामं केलं. माझं ते नव्हतं.

मक्स आहे. डिस्क्रीटवर टाकलं, आतली स्क्रीन तरीही थरथरली. टास्क मॅनेजरही बरोबरीने थरथरतो. सेल्फ रिफ्रेशचा पर्याय माझ्याकडे नाही, प्रोसेसर एएमडीचा आहे. त्यांचं आपोआप उजेड कमी-जास्त करणारं सेटिंग होतं ते बंद केलं, काही फरक नाही.

६० हर्ट्झवर मात्र जादू. पूर्ण संध्याकाळ खेळले, एकदाही गेली नाही. १४४ वर टाकून झाकण हळूहळू मागे नेलं तर एका ठरावीक कोनाला रेषा येतात, थोडं पुढे आणलं की जातात. उजव्या बिजागरीजवळ बोटाने हलकं दाबलं की रेषांचा रंग बदलतो.

खटपट्या

केबल. यापुढे मला कुणी पॅनेल म्हणालं तरी मी आधी केबलच बदलेन.

रेझिस्टर

केबल.

ठोकळेबाज

बरं, केबल. पण सुरू होत नाही त्याचं काय? कॅप्स लॉक लागत नाही म्हणजे बोर्डच. आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघा, कर्नल-पॉवर ४१ दिसेल. म्हणजे पॉवर सेक्शन गेला.

बिनतारी

४१ चा अर्थ एवढाच की गेल्या वेळी विंडोज रीतसर बंद न होता मशीन बंद पडलं. बटण दाबून धरून बंद केलं तरी ४१ येतो. त्यांनी स्वतःच तसं केलंय, त्यामुळे यादी भरून ४१ असतील. त्यावरून पॉवर सेक्शन म्हणजे सुतावरून स्वर्ग. गेममध्ये स्क्रीन जाते त्या वेळेला ४१०१ आहे का ते बघा हवं तर. ग्राफिक्स चिपने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज तिचा ड्रायव्हर रीसेट करतं आणि ४१०१ लिहून ठेवतं. तो नसेल तर चिपवरचा संशय बराच कमी.

सायंतारा

४१ ढिगाने आहेत. ४१०१ एकही नाही.

शंकासुर

सकाळी येत नाही, रीस्टार्टला येतो, हे फास्ट स्टार्टअपचं लक्षण नाही का? सगळीकडे तेच लिहिलेलं असतं, बंद करा म्हणून.

खटपट्या

चांगला मुद्दा, आणि लोगोनंतरचा त्रास असता तर मीही तिथूनच सुरुवात केली असती. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाउन केलं की विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तोच उचलतं. रीस्टार्टला मात्र कोरी सुरुवात. म्हणून शटडाउननंतर गडबड आणि रीस्टार्टला ठीक, असं दिसलं की फास्ट स्टार्टअपवर संशय जातो.

पण सायंतारांकडे लोगोसुद्धा येत नाही. विंडोज अजून रंगमंचावर आलेलंच नाही, त्याच्यावर आळ कसा घेणार? रात्रभर थंड पडलेलं मशीन अडतं, गरम असताना उठतं, अडल्यावर स्वतःच बंद होऊन पुन्हा प्रयत्न करतं. ही चाल रॅमची वाटते. सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, जमलं नाही की पुन्हा पहिल्यापासून. मी सगळ्यात आधी रॅमच काढून बघेन.

आधी एक बिनस्क्रूची गोष्ट. अडॅप्टर काढा, पॉवरचं बटण मिनिटभर दाबून धरा, मग अडॅप्टर लावून सुरू करा. साचलेला चार्ज जातो. यानेच सुटलेली प्रकरणं बघितली आहेत, पण तुमचं रोजचं आहे म्हणजे यावर भागणार नाही असा अंदाज.

मग रॅम. अडॅप्टर काढा, मागचं झाकण उघडा, बॅटरीचं कनेक्टर बोर्डावरून सोडवा. हे टाळायचं नाही. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेला असला, तर बाकी सगळं सोडा आणि बॅटरीचं आधी बघा. तिला दाबू नका, टोचू नका. ठीक असेल तर रॅमच्या दोन्ही बाजूंच्या कड्या बाहेर ढकला, पट्टी आपोआप तिरकी वर येते. सोनेरी टोकांना बोट लावू नका.

आता चाचणी, आणि ही नीट करा नाहीतर अर्थ निघणार नाही. दोन्ही पट्ट्यांवर खूण करा, क आणि ख. एका वेळी एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये, रात्रभर थंड होऊ द्यायचं, सकाळी लावायचं. क पहिल्या स्लॉटमध्ये, क दुसऱ्यात, तसंच ख. त्रास पट्टीबरोबर फिरला तर पट्टी खराब. स्लॉटलाच चिकटून राहिला तर स्लॉट, म्हणजे बोर्ड. दोन्हीकडे कुठेच अडला नाही तर नुसती बैठक सैल होती.

वेळखाऊ आहे, पण गरम मशीनवर झटपट उरकलंत तर सगळंच पास होईल.

जुनं_खोड

डीडीआर५ वाल्यांसाठी जाता जाता: रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना काळी स्क्रीन काही मिनिटं राहू शकते, जुळवणी चालू असते. घाबरून बटण दाबून बंद करू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

रेझिस्टर

बॅटरी परत जोडल्यावर पहिल्यांदा अडॅप्टर लावून चालू करा. काही मॉडेल बॅटरीवर उठत नाहीत तोवर.

सायंतारा

उशीर झाला, थंड सकाळींची वाट बघत होते.

मिनिटभर बटण दाबून काही झालं नाही. बॅटरी सपाट आहे. क पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये, पहिल्या दाबात लोगो. ख पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये अडली, पंखे, बंद, चालू, तेच नाटक. दुपारी गरम असताना ख वरही आलं, आणि तेव्हाच मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवली तर ती निर्दोष पास झाली! ती एकटी चाचणी केली असती तर मी रॅमला सोडूनच दिलं असतं.

गेले काही दिवस एकट्या क वर चालू आहे. एकदाही अडला नाही.

खटपट्या

सुटलं. ख ला निरोप द्या. मेमटेस्ट सुरू व्हायलाच मशीन उठावं लागतं, त्यामुळे उठतानाचा दोष तिच्या तावडीत सापडत नाही.

ठोकळेबाज

मान्य. रिबॉलिंग रद्द.

सायंतारा

ठोकळेबाज, तुमच्यामुळे धागा रंगला, राहू द्या. आता दोन प्रश्न. रॅम कुठली घेऊ, आणि केबल मी स्वतः बदलू शकते का?

जुनं_खोड

रॅम: डीडीआर४, लॅपटॉपची छोटी, क वर छापलेला वेग आणि व्होल्टेज तेच, ८ जीबी. जमल्यास जोडीच घ्या आणि क बाजूला ठेवा, जोडी एकमेकींशी जमवलेली असते. एकीवर कायम राहू नका. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. दोन पट्ट्यांचा दुहेरी रस्ता गेला की गेममध्ये लगेच जाणवतं.

रेझिस्टर

केबल जमेल. सावकाश.

मॉडेलच्या नावावरून मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये ६० आणि १४४ ची पॅनेलं येतात आणि त्यांच्या केबल वेगळ्या. ६० ची बहुधा ३० पिनांची, १४४ ची ४०. केबलच्या चिकटपट्टीवर पार्ट नंबर छापलेला असतो, तोच जुळवायचा.

बॅटरी सोडवल्याशिवाय डिस्प्ले केबलला हात नाही. त्याच केबलमधून बॅकलाइटची वीज जाते. चालू असताना तिरकी ओढली की फ्यूज उडतो, मग खरंच बोर्डचं काम.

कनेक्टरवरची पट्टी सोला, असेल तर पत्र्याची कडी उचला, केबल धरून नाही तर कनेक्टर धरून बाहेर सरकवा. वर ओढायचा नाही. नवी केबल बिजागरीतून जाताना जुनी होती त्याच खाचांमधून. ताण नको, झोळही नको. झाकण बसवण्याआधी चालू करून १४४ वर बघा.

बिजागरी घट्ट झाली असेल तर तिचे स्क्रू किंचित सैल करा. नाहीतर नवी केबलपण तशीच जाईल.

सायंतारा

केबल आली, बसवली. पॅनेलच्या कडेची प्लास्टिकची चौकट काढताना घाम फुटला, एक खुंटी तुटली, बाकी सुखरूप.

जुनी केबल बाहेर काढून खिडकीशी धरली. बिजागरीत जिथे वळते तिथलं काळं कापड झिजून भोक पडलंय, आतल्या तारा केसासारख्या बारीक, प्रत्येकीवर चांदीच्या रंगाचं कवच. दोन तारांवरचं कवच सोलून निघालेलं, आणि एकीचं तांबं चक्क दिसतंय. फोटो काढलाय, दुरुस्तीवाल्याला दाखवायचा मोह होतोय.

१४४ वर झाकण सगळ्या कोनांना फिरवून बघितलं, रेष नाही. बिजागरीचे स्क्रू अर्धा फेरा सैल केले. रॅमची जोडी यायची आहे.

शंकासुर

फोटो टाका की! आणि ख पट्टीचं काय करणार? माझा एक जुना लॅपटॉप आहे, त्यात चालेल का?

बिनतारी

शंकासुर, तुम्हाला नवीन धागा काढायची हौस आहे का?